सुरीच्या आधी

धाकटा बोकडाचे पाय धरून बसला होता, आणि आमेन म्हणायला उघडलेलं त्याचं तोंड तसंच राहिलं. कारण थोरल्यानं काही म्हटलंच नाही. त्यानं बोकडाच्या खांद्यावर गुडघा टेकला, मान मागं ओढली आणि सुरी फिरवली. धाकट्याची पकड अजून नीट बसली नव्हती. बोकडानं सगळा जीव मागच्या पायांत आणला आणि खूर थेट धाकट्याच्या तोंडावर बसला. पुढचा दात तुटून जिभेवर आला. नालीत जायची ती रक्ताची धार भिंतीवर, पिंपावर आणि कोपऱ्यात कातड्याला मीठ चोळत बसलेल्या वहिनीच्या कपाळावर उडाली.

"अरे, सांगून तरी काप!" धाकटा रक्त थुंकत ओरडला.

"तुला कशाला सांगू? तुला कापत होतो का?" थोरला म्हणाला, आणि दोर धरून दुसरं जनावर ओढायला लागला.

वहिनीनं कपाळ दंडानं पुसलं. तिला सगळे वहिनीच म्हणत. धाकटा म्हणे ते बरोबरच होतं, पण गिऱ्हाइकं म्हणत, चर्चचे पाळकसाहेब म्हणत, आणि लग्न नवं असताना एकदा खुद्द नवऱ्यानंच चुकून हाक मारली होती. तेव्हा सगळं घर पोट धरून हसलं होतं. ते हसणं आता आठवलं की तिला ते दुसऱ्याच कुणाच्या घरातलं वाटे.

शेडच्या दाराशी खाट होती आणि खाटेवर म्हातारा. उजवं अंग गेल्यापासून तो तिथंच असे. आयुष्यभर त्यानं याच दगडावर जनावरं कापली, आणि एकही मुकाट्यानं कापलं नाही. या घराची रीत साधी होती. सुरीवाल्यानं जनावराच्या खांद्यावर गुडघा टेकायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "धन्य तू, प्रभू." पाय धरणाऱ्यानं म्हणायचं, "आमेन." आमेन कानावर पडलं की मगच सुरी हलायची. त्यात देवभक्ती होती तशी सोयही होती. आमेन म्हणजे पाय पक्के धरले, आता काप. दोन्ही भावांच्या हातात ती रीत इतकी मुरली होती की भाकरी खाताना तोंड उघडतं तसं ते आपोआप व्हायचं.

लग्न होऊन आली तेव्हा वहिनीला ते विचित्र वाटलं होतं. तिनं एकदा सासऱ्याला विचारलंच. "मामा, देव आपल्याला आशीर्वाद देतो हे कळतं. पण आपण त्याला धन्य म्हणायचं म्हणजे काय द्यायचं? आपल्या घरात मीठसुद्धा पुरत नाही."

म्हातारा खो खो हसला होता. "द्यायचं काही नाही गं. त्याला काय कमी आहे? गुडघा टेकायचा आणि तू चांगला आहेस असं तोंडानं म्हणायचं. मागायचं नाही. मागितलंस की सौदा झाला. जीव त्याचा आहे. न सांगता उचलला तर आपण चोर."

आता तोच म्हातारा खाटेवरून म्हणाला, "मला ऐकू आलं नाही."

थोरला दोर ओढतच राहिला.

"मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही."

"म्हटलंच नाही तर ऐकू कुठून येणार?" थोरल्यानं दोर खाली टाकला. "आजचं नाही, बाबा. गेले कित्येक दिवस मी नुसते ओठ हलवतोय. आज ओठही हलवले नाहीत. काय करायचं ते करा."

म्हाताऱ्याचा चेहरा एका बाजूनं लटकलेला होता. दुसरी बाजूही तशीच झाली.

सगळ्यांना कारण माहीत होतं आणि कुणी ते बोलत नव्हतं. पिटुकली गेली होती. थोरल्याची सहा वर्षांची पोर, तापानं फणफणली आणि पाहता पाहता गेली. पाळकसाहेबांच्या देवळामागच्या कुंपणाशी खड्डा खणला. थोरल्यानं स्वतः खणला, दुसऱ्या कुणाला कुदळीला हात लावू दिला नाही. पेटी खाली गेली, पाळकसाहेबांनी माती टाकली आणि म्हटलं, "परमेश्वर धन्य असो." सगळी मंडळी म्हणाली, "आमेन." त्यात सगळ्यांत आधी, सगळ्यांत स्पष्ट आवाज आला तो वहिनीचा. आईचा.

थोरल्यानं खड्ड्याच्या कडेवरून मान वर करून तिच्याकडं बघितलं होतं. ते बघणं तिला अजून विसरता आलं नव्हतं. घरी आल्यावर त्यानं जनावरं बांधायचा दोर पिंपात भिजवला आणि तिच्या पाठीवर ओढला. एकदा नव्हे, हात दुखेपर्यंत. "आमेन म्हणतेस? माझ्या पोरीवर आमेन म्हणतेस?" प्रत्येक फटक्याला तेच. धाकट्यानं मागून मिठी मारून त्याला ओढलं तेव्हा तिच्या पाठीचं कातडं फाटलं होतं. ती ओरडली नव्हती. ती मेलेली पोर घेऊन बसल्यासारखी मांडी घालून बसून राहिली होती. त्यानंतर त्यांच्यात बोलणं उरलं ते ‘वाढ’ आणि ‘जेवा’ एवढंच.

"सुरी धाकट्याला दे," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"या घरात जो धन्य म्हणेल त्याच्या हातात सुरी. तुला म्हणायचं नाही, मी जबरदस्ती करत नाही. पाय धर."

थोरल्यानं सुरीकडं बघितलं. वीस वर्षं ती त्याच्या हातात होती. मूठ त्याच्या बोटांच्या आकाराची झिजली होती. त्यानं ती दगडावर ठेवली, अगदी हळू, आणि त्या हळूपणाचीच वहिनीला भीती वाटली.

त्या वर्षी आभाळानं पाठ फिरवली होती. चारा नाही, विहिरींना तळ दिसायला लागलेला. गावोगावची माणसं जनावरं घेऊन यायची. डोळ्यांदेखत मरण्यापेक्षा खाटकाकडं बरी. सगळ्यांची कामं आटली आणि यांच्याकडं उतू गेली. शेडबाहेर बरगड्या मोजाव्यात अशी मेंढरं उन्हात उभी असायची. ओरडायचंही त्राण त्यांच्यात नसायचं. फरशी धुवायला पाणी नव्हतं, म्हणून भुसा टाकायचा, तो लाल चिखल झाला की फावड्यानं ओढायचा, पुन्हा टाकायचा. माशा इतक्या की बोलताना तोंडात जायच्या. कातडी सोलून वहिनीची नखं मुळापासून उलली होती आणि त्या फटींत मीठ जायचं. पहिले काही दिवस डोळ्यांत पाणी यायचं, मग तेही बंद झालं.

अशा कामाच्या रेट्यात धाकटा सुरीवर आला. त्याचा हात चांगला होता, पण मन कच्चं. त्यानं गुडघा टेकला, तुटक्या दातातून फुसफुसत म्हणाला, "धन्य तू, प्रभू," आणि थांबला.

पायांशी थोरला बसला होता. त्यानं पाय असे आवळले होते की मेंढराची हाडं कुरकुरत होती. पण तोंड बंद.

धाकटा वाट बघत राहिला. मेंढरू धापा टाकत होतं. बाहेर गिऱ्हाइकं माना उंचावून बघत होती.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला.

"धरलंय की. काप."

"आमेन म्हण ना."

"पाय धरायला सांगितलंय, ते धरलेत. तोंड धरायला कुणी सांगितलं नाही."

धाकट्याची सुरी हवेतच. त्याला कापता येईना. हात पुढं जाईचना, जणू कोपराला कुणी दोर बांधलाय. शेवटी कोपऱ्यातून, मिठाच्या ढिगाआडून, वहिनी म्हणाली, "आमेन."

सुरी चालली. थोरल्यानं मात्र मान वळवून तिच्याकडं बघितलं, आणि ते बघणं कबरीवरचंच होतं.

पुढं मग तसंच सुरू झालं. धाकटा म्हणे, थोरला गप्प, आमेन वहिनीचं. गिऱ्हाइकांना आयती करमणूक मिळाली. "आता बाईच्या हुकमावर सुरी चालते वाटतं," कुणी म्हणे. एका म्हाताऱ्या बाईनं तर वहिनीच्या पाठीवरचे वळ बघितले आणि तोंडावर म्हणाली, "कसायाला गाय धार्जिणी म्हणतात ते तुझ्याकडं बघून कळलं बाई मला." वहिनीनं कातडं उलटं केलं आणि मीठ चोळत राहिली. तिला राग आला होता, पण बाईचा नाही. बाई खोटं कुठं बोलत होती?

थोरला जनावरांवर राग काढू लागला. दोर हिसकून मान मुरगाळायची, पोटात लाथ घालून दगडावर आणायचं. एका आडमुठ्या मेंढ्याला त्यानं मुठीनं असं मारलं की मेंढा जागीच बसला आणि धाकट्यानं धन्य म्हणेपर्यंत मेला. म्हाताऱ्यानं ते मांस घरात घेऊ दिलं नाही, विकूही दिलं नाही. दुष्काळात आख्खा मेंढा पुरला. थोरला खड्डा खणत होता आणि वहिनी लांबून बघत होती. त्याच्या कुदळीचा आवाज तोच होता. तिचं काळीज तुटलं. तिला वाटलं, जावं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावा. पण तिची स्वतःचीच पाठ अजून ठणकत होती, आणि ती गेली नाही.

मग तो दिवस आला. खाणावळवाला आला होता. जाडजूड, सतत घामेजलेला, तोंडानं फटकळ, मनानं काही वाईट नाही. त्याला एक धष्टपुष्ट बोकड हवा होता. धाकट्यानं बोकड पाडला, गुडघा टेकला. थोरला पायांशी बसला.

"वा!" खाणावळवाला म्हणाला. "वीस वर्षं याच्या हातचं मटण खाल्लं, आता हा पायांशी! थोरल्या, चांगली प्रगती आहे. पुढच्या वर्षी शेपटी धर."

दोघं-तिघं हसले. वहिनीनं हातातलं कातडं खाली ठेवलं.

थोरला उठला. मटण तोडायच्या ठोकळ्यावरचा सत्तूर त्यानं उलटा धरला आणि दांडा खाणावळवाल्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो पडायच्या आत थोरल्यानं त्याची कॉलर धरली आणि डोकं ठोकळ्यावर आपटलं, पुन्हा आपटलं. हसणारे पळाले. खाणावळवाल्याच्या तोंडातून शब्द येईनात, नुसते रक्ताचे बुडबुडे येत होते.

"दादा, सोड! मरेल तो!" धाकटा बोकडावरून उठला.

"सुरी खाली ठेव, मग बोल माझ्याशी."

धाकटा भोळा. भाऊ म्हणाला म्हणून त्यानं सुरी दगडावर ठेवली. थोरल्यानं खाणावळवाल्याला सोडलं आणि तो वळला. सत्तुराचा दांडा धाकट्याच्या खांद्यावर बसला. धाकटा मागं कोलमडला, त्याच्या अंगावर थोरला, आणि दोघांच्या ओझ्याखाली दगडाशी मानेनं बांधलेला बोकड. बोकडाचा पाय वाळकी फांदी मोडावी तसा मोडला आणि त्यानं असा आवाज काढला की बाहेरची मेंढरं दोर ताणायला लागली. खाणावळवाला हातांवर रांगत दाराबाहेर गेला.

"थांबवा रे!" म्हातारा खाटेवरून ओरडत होता. "अरे, कुणीतरी थांबवा!" उठायला गेला आणि खाटेसकट उंबऱ्यावर पडला.

धाकट्यानं थोरल्याच्या तोंडावर एक गुद्दा मारला, ओठ फोडला. पण त्याचा एकच हात चालत होता. थोरल्यानं त्याचे केस धरले, ओढत दगडावर आणलं, उताणा पाडला. दुखऱ्या खांद्यावर गुडघा टेकला. आत काहीतरी कट् करून वाजलं. डाव्या हातानं मान मागं खेचली. उजवा हात न बघता सुरीच्या मुठीवर गेला, तिथं ती वीस वर्षं असायची तशीच होती. पातं गळ्याला लागलं, आणि थोरल्याच्या तोंडून निघालं:

"धन्य तू, प्रभू."

मोठ्यानं, स्वच्छ निघालं. पोर गेल्यापासून पहिल्यांदा.

आणि तो थांबला. आमेनसाठी थांबला.

वहिनी तोपर्यंत दगडाशी पोचली होती. तिला त्याचा हात धरायचा होता. पण तिला दिसलं की हात थांबलाय, आणि का थांबलाय तेही तिला कळलं. त्याच क्षणी तिला धाकट्याचे ओठ दिसले. तो बिचारा जन्मभर पायांशी बसलेला. भीतीनं त्याचं डोकं रिकामं झालं होतं आणि रिकाम्या डोक्यात फक्त सवय उरली होती. धन्य ऐकलं होतं. ओठ उघडत होते. "आ..."

तिनं मिठानं भरलेला तळहात त्याच्या तोंडावर दाबला. सगळं अंग घालून दाबला. फुटक्या हिरड्यांत मीठ गेलं, धाकटा तळमळला, पण तिनं सोडलं नाही.

शेडमध्ये आवाज नव्हता. फक्त बोकड कण्हत होता. उंबऱ्यावर पडलेल्या म्हाताऱ्यानं स्वतःचा चांगला हात तोंडात कोंबला होता आणि दातांनी चावून धरला होता, कारण साठ वर्षांचं आमेन त्याच्याही घशाशी आलं होतं.

पात्याखाली रक्ताची बारीक रेघ उमटली. थोरल्यानं मान वर केली.

"म्हण," तो वहिनीला म्हणाला.

"नाही."

"म्हण की! त्या दिवशी कशी पटकन म्हणालीस! देव चांगला आहे ना?"

"आहे."

"मग म्हण!"

"चांगला आहे म्हणूनच यावर म्हणणार नाही. कापलंत तरी म्हणणार नाही. मलाही कापा."

"आणि पोरीवर म्हणालीस!" तो ओरडला. त्याच्या फुटक्या ओठातून थुंकी आणि रक्त तिच्या तोंडावर उडालं. "माझ्या पिटुकलीवर म्हणालीस!"

वहिनी रडायला लागली. हात मात्र धाकट्याच्या तोंडावर तसाच होता. "अहो, ते तोंडातून गेलं," ती म्हणाली. "मी म्हटलं नाही हो, ते गेलं. पाळकसाहेब धन्य म्हणाले आणि माझ्या तोंडून गेलं. आत्ता तुमच्या तोंडून गेलं ना, तसं. रोज रात्री मी ते आठवते. रोज वाटतं, माझ्या तोंडावर कुणी हात का नाही ठेवला?"

थोरला तिच्याकडं बघत राहिला. कबरीवरून बघितलं होतं तितकाच वेळ. मग त्यानं खाली बघितलं. खाली धाकट्याचं तोंड होतं, त्यावर बायकोचा उललेल्या नखांचा हात, आणि आपला गुडघा भावाच्या खांद्यात रुतलेला. या दगडावर धन्य म्हणून आपण काय करत होतो ते त्याला दिसलं.

सुरी त्याच्या हातातून सुटली आणि दगडावरून घसरून भुशात पडली. तो मागं भिंतीपर्यंत सरकला आणि गुडघ्यांत डोकं घालून त्यानं असा हंबरडा फोडला की बाहेर पळालेली माणसं परत दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. पोर गेली तेव्हा तो रडला नव्हता.

वहिनीनं हात काढला. धाकटा कुशीवर वळून ओकला. त्याचा खांदा खाली लोंबत होता. माणसांनी खाणावळवाल्याला गाडीत घालून नेलं, धाकट्याला न्यायलाही दोघं पुढं झाले. पण तो बोकडाकडं बोट दाखवून म्हणाला, "वहिनी, आधी त्याचं बघा."

बोकड अजून जिवंत होता. मोडलेल्या पायाचं हाड कातड्यातून बाहेर आलं होतं आणि तो त्याच पायावर उठायची धडपड करत होता. असं ठेवता येत नव्हतं. धाकट्याचा हात गेलेला, म्हाताऱ्याचा आधीच गेलेला. सगळ्यांनी भिंतीशी बसलेल्या थोरल्याकडं बघितलं. त्यानं आपले दोन्ही हात पुढं करून दाखवले. त्यांची थरथर थांबत नव्हती.

मग वहिनीनं भुशातली सुरी उचलली. कपड्याला पुसली. या घरात बाईनं सुरी धरलेली नव्हती, पण नको म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही. तिनं बोकडाच्या खांद्यावर गुडघा टेकला. त्याचं काळीज गुडघ्याखाली धडधडत होतं.

"पाय धरा," ती नवऱ्याला म्हणाली.

तो गुडघ्यांवर सरकत आला. पाय धरले. तिनं सुरी उचललेलीच ठेवली आणि त्याच्याकडं बघितलं. माफ केलं होतं का, तिला माहीत नव्हतं. पण हातात सुरी घेऊन नवऱ्याकडं बघायची ही तिची पहिली वेळ होती, आणि जे विचारायचं ते आत्ताच विचारायला हवं होतं.

"दोर पुन्हा उचलाल?"

"नाही."

"भाऊजींवर? माझ्यावर? कुणावरच?"

"नाही," तो म्हणाला. "नाही गं."

तिनं मान वाकवली. पिटुकली तापात तिच्या मांडीवर होती तेव्हा एकदा डोळे उघडून हसली होती. ते हसणं तिला आठवलं, आणि ती मोठ्यानं म्हणाली, "धन्य तू, प्रभू."

आणि थांबली.

माशा घोंघावत होत्या. दारातली माणसं श्वास धरून उभी होती. बोकडाचा डोळा आढ्याकडं लागला होता. थोरल्याचे ओठ हलले, पुन्हा मिटले. धाकट्यानं स्वतःच आपला चांगला हात तोंडावर ठेवला. हे आमेन आपलं नाही, एवढं त्याला कळत होतं. वहिनी थांबून राहिली. तिचा गुडघा भरून आला तरी ती थांबून राहिली.

"आमेन," थोरला म्हणाला. ओठांतल्या ओठांत.

"मला ऐकू आलं नाही," उंबऱ्यावरून म्हातारा म्हणाला.

थोरल्यानं डोळे पुसले, पाय पक्के धरले आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "आमेन."

तेव्हा तिनं सुरी चालवली.